दालमिलच्या छतावरचा बोर्ड

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापूस कमी आणि समित्या जास्त यायच्या. कापसाला भाव नव्हता, बोंडात अळी होती, पाऊस स्वतःच्या मर्जीने यायचा. आणि या सगळ्याचा अभ्यास करायला लोक पांढऱ्या गाड्यांतून यवतमाळला उतरायचे. विश्रामगृहात खोली मिळणं मुश्कील होऊन बसलं होतं. प्रत्येक समिती जाताना एखादी शिफारस ठेवून जायची, शिफारशीची योजना व्हायची, योजनेला एक तेजस्वी नाव मिळायचं आणि त्या नावाचा बोर्ड लागायचा.

अशाच एका योजनेत मी नोकरीला होतो. कापसाचं काय करायचं हे कोणालाच सुचत नव्हतं, म्हणून शेतीला धरून चालणारे छोटे धंदे सौरऊर्जेवर न्यायचे असं वर कुठेतरी ठरलं होतं. पिठाच्या चक्क्या, तेलघाण्या, मिरची-कांडप, दालमिली. माझ्या पदाचं नाव होतं ऊर्जा समन्वयक. काम असं की, मोटरसायकलवर गावोगाव जायचं, धंदेवाल्याला सौरऊर्जा समजावून सांगायची, त्याचे कागद पुरे करून घ्यायचे, आणि पॅनेल बसले की ते चालतात का ते पाहायचं. यातलं शेवटचं काम नेमणुकीच्या पत्रात नव्हतं. ते मी हौसेने करायचो.

कळंब तालुक्यात रस्त्याला लागून असलेल्या एका गावात एका बाईंची छोटी दालमिल होती. बौद्ध वस्तीतलं, विहाराच्या बाजूचं घर. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब, आणि त्या दोन खोल्यांत मिल. नवरा राजूरला कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडे कामाला होता, सणावारी घरी यायचा. मिल बाई आणि त्यांचा दीर मिळून चालवायचे. त्याआधी बाई लोकांच्या कपाशीत निंदायला जायच्या. मिल बंद पडली तर पुन्हा तिथेच जावं लागणार, आणि तेही त्याच लोकांच्या वावरात, जे आज पोती घेऊन त्यांच्या दारात उभे राहतात. हे त्या कधी बोलून दाखवत नसत. बोलायची गरज नव्हती, सगळ्या गावाला ते माहीत होतं आणि गावातले काही लोक त्याची वाटही पाहत होते.

आमच्याकडे कपाशीच्या मधून तुरीचं तास, म्हणजे एक ओळ, असतं. कापूस गेला तरी तूर हाती लागते. पौषात ती घरी येते. व्यापाऱ्याचा टेम्पो दारात येऊन अख्खी तूर उचलतो, आणि पुढे चार महिन्यांनी तीच तूर डाळ होऊन किराणा दुकानातून त्याच घरी परत येते, भाव चढवून. बाईंची मिल यामध्ये आडवी उभी होती. डोंगराकडच्या तांड्यावरच्या बाया डोक्यावर तूर घेऊन यायच्या, डाळ करून घ्यायच्या, साल-चुऱ्याची चुनी म्हशीसाठी बांधून न्यायच्या. अडचण एकच होती. मोटर चालायला थ्री फेज वीज लागते, आणि ती गावाला रात्री मिळायची. रात्रीच्या वेळी डोंगरातून कोण येणार? दिवसा मिल चालली असती तर तांड्याची सगळी तूर बाईंकडे आली असती. म्हणून त्यांना सौरऊर्जा हवी होती. पृथ्वी वाचवायचा विषय आमच्या माहितीपत्रकात होता, त्यांच्या बोलण्यात कधी आला नाही.

पॅनेल वैशाखात बसले, आणि योजनेच्या अटीप्रमाणे मिलची थ्री फेज जोडणी तोडली गेली. स्लॅबवर, दक्षिणेला तोंड करून, नीट. ज्या मुलांनी बसवले त्यांनी काम चोख केलं होतं. मोटर भर दुपारी सुरू झाली तेव्हा बाईंनी मुठीत गेल्या वर्षीची तूर घेऊन जात्यात टाकली आणि खालून डाळ पडली ती मला दाखवली.

"पाहा भाऊ, उन्हाची डाळ," म्हणाल्या.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बोर्ड आला. स्लॅबच्या दक्षिणेकडून यवतमाळचा रस्ता जातो, म्हणून तो दक्षिणेच्या कठड्यावरच उभा करायचा होता, म्हणजे थेट पॅनेलच्या पुढ्यात. माणसाच्या दीडपट उंच लोखंडी चौकट, तिच्यावर फ्लेक्स, आणि वाऱ्याने फाटू नये म्हणून मागून अखंड पत्रा. वरच्या ओळीत राज्य पातळीवरचे चेहरे, मधल्या ओळीत जिल्ह्याचे, खाली तालुक्याचे; अगदी खालच्या कोपऱ्यात गावच्या सरपंचबाईंचे यजमान, कारण सरपंचबाईंचा स्वतःचा फोटो लावायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सूर्याचंही एक चित्र होतं. ते नेत्यांपेक्षा लहान होतं.

मी प्रकल्प अधिकाऱ्यांना म्हणालो, "साहेब, हा इथे नको. थंडीत सूर्य दक्षिणेला खाली उतरतो. सगळी सावली पॅनेलवर येईल."

त्यांनी खाली पाहिलं. वैशाखातली दुपार होती, सूर्य डोक्यावर, बोर्डाची सावली बोर्डाच्याच पायाशी गोळा झालेली.

"कुठे आहे सावली?"

"आता नाही. पौषात येईल."

"मग पौषाचं पौषात पाहू," ते म्हणाले आणि वेल्डरला हात केला. चौकट कठड्याच्या सळ्यांना जोडली गेली.

उद्घाटन झालं. स्लॅबवर चढायला पाहुण्यांसाठी गालिचा घातलेली शिडी होती. पॅनेलला हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले, आणि एका उत्साही कार्यकर्त्याने पॅनेलच्या काचेवरच नारळ फोडायला हात उगारला तेव्हा बाईंच्या दिराने तो वरच्या वर धरला. त्या दिवशीचं सर्वांत समंजस काम तेच होतं. भाषणं बरीच झाली. ज्यांच्या घरच्या लग्नात आठ-आठ जनरेटर धडधडतात त्यांनी ऊर्जाबचतीवर फार मनापासून सांगितलं. बाईंना बोलायला उभं केलं आणि माइक देईपर्यंत वीज गेली. लोक हसले. माइक सौरऊर्जेवर जोडावा हे आम्हा इतक्या तज्ज्ञांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. कापूस त्या वर्षीही आधी अळीने आणि मग भावाने खाल्ला. तूर मात्र बरी होती. पौषात मला बाईंचा फोन आला.

"भाऊ, तुमचा सूर्य दुपारीच बुडून राह्यला."

मी गेलो. स्लॅबवर चढलो आणि जे दिसणार हे मला माहीत होतं तेच दिसलं. बोर्डाची सावली आडवी पडून पॅनेलची खालची ओळ पूर्ण झाकून वरच्या ओळीवर चढली होती. पॅनेल एकमेकांना लग्नातल्या दिव्यांच्या माळेसारखे जोडलेले असतात. काहींवर सावली आली की सगळी माळ मंदावते. खाली मोटर कण्हायची, जातं अडायचं, थांबायचं. वर आभाळ निळंशार, ऊन असं की डोळे उघडवत नाहीत.

स्लॅबच्या रिकाम्या भागात, साल सुटावं म्हणून तेल-पाणी लावलेली तूर वाळत होती. ती आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मागच्या निवडणुकांच्या फ्लेक्सवर पसरली होती. एक माजी आमदार हात जोडून उताणे पडलेले होते आणि त्यांच्या छातीवर तूर वाळत होती. जुन्या नेत्यांचा असा उपयोग होतो. अडचण चालू नेत्यांची असते.

खाली मिलच्या दारात तांड्यावरची एक म्हातारी पोत्याला टेकून बसली होती. बाई तिला याडी म्हणायच्या. तांड्यावरच्या बंजारा बोलीत आईला तसं म्हणतात.

"याडी, उद्या ये वो. आज नाई होत," बाई म्हणाल्या.

"काल बी उद्याच सांगतलं तू," म्हातारी म्हणाली. "टेम्पोवाला रोज येते तांड्यावर. तो उद्या नाई म्हणत."

"त्याले देशीन तं वर्षभर त्याचीच डाळ खाशीन."

"खाईन. तुई भेटतच नाई तं काय उपाशी राहू?" मग तिने माझ्याकडे पाहिलं. "हा साहेब कशाचा?"

"उन्हाचा," बाई म्हणाल्या.

म्हातारीने वर सूर्याकडे पाहिलं, मग मला नीट पाहून घेतलं. "मंग त्याले म्हन, आपलं काम पाह्य," म्हणाली आणि पोतं डोक्यावर घेऊन निघाली.

मी बाईंना म्हणालो, आत्ता कटरवाला आणतो, चौकट कापतो. त्यांनी मला दारातच थांबवलं.

"भाऊ, तुम्ही बोर्ड काढसान आन गाडीवर बसून यवतमाळले जासान. मले इथंच राहा लागते. आमच्या वस्तीतल्या बाईनं त्यायचे फोटो उतरवले, हे गावात किती दिवस चालन, तुमाले मालूम हाये का? पाणी आमचं त्यायच्याच टाकीतून येते. परवानगी आणा. कागद आणा. कागद असला तं मी सोता धरू लागते."

मला वाद घालायचा होता, पण काय म्हणून घालणार? त्या बरोबर होत्या. धोका त्यांचा होता, शहाणपण फुकटात माझं.

मी सरपंचबाईंच्या यजमानांकडे गेलो. ते ओसरीवर पान लावत बसले होते. सगळं ऐकून घेतलं.

"माहा फोटो तं एवढासा हाये, भाऊ," त्यांनी बोटांनी माप दाखवलं. "माही सावली कितीक पडन? सावली वरच्यायची हाये. त्यायले विचारा."

"तुमची हरकत नाही ना?"

"माही कायले हरकत? पण म्या हो म्हणलं असं कुठं सांगू नका."

मग मी आमच्या कार्यालयात अर्ज दिला. त्याचं उत्तर प्रकल्प अधिकाऱ्यांनी तोंडीच दिलं, आणि ते इतकं निर्दोष होतं की मी घरी येऊन बायकोला ऐकवलं. बोर्ड मंजूर आराखड्यात नव्हता. तो कोणी लावला याची नोंद आमच्याकडे नाही. जी वस्तू आमच्या कागदावर अस्तित्वातच नाही ती काढायची परवानगी आम्ही कशी देणार?

"मग काढून टाकतो," मी म्हणालो. "नाहीच आहे तर कोण विचारणार?"

"अहो, काढून कसा टाकाल? त्याच्यावर फोटो कोणाचे आहेत पाहिलं का?"

मी तर्कशास्त्रावर बरंच काही वाचलं आहे. कामाला आलं नाही. एखादी गोष्ट आहे की नाही यावर माणसांनी जन्म घालवले. आमच्या कार्यालयाने ती एकाच वेळी नाही आणि हात लावता येत नाही अशी दोन्ही करून दाखवली.

तेवढ्यात जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. मला वाटलं, सुटलो. आचारसंहिता म्हणजे नेत्यांचे फोटो जागेवर राहता कामा नयेत. आणि खरंच, दोन दिवसांत तहसीलचं पथक शिडी आणि कापडाचे गठ्ठे घेऊन आलं. बाईंनी मला फोन करून बोलावलं. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी आशा होती.

मी पोचलो तेव्हा पथकातले दोघे शिडीवर चढून बोर्डाला वरपासून खालपर्यंत जाड पांढरं कापड गुंडाळत होते. फार काळजीपूर्वक. चेहरे सगळे झाकले गेले. सरपंचबाईंच्या यजमानांचा कोपराही सुटला नाही.

"काढून टाका की," मी खालून म्हणालो. "झाकता कशाला?"

शिडीवरचा म्हणाला, "आदेश झाकाचा हाये, सर. काढाचा नाही."

"पण अडचण सावलीची आहे."

त्याने वळून मागे पॅनेलवर पडलेली सावली पाहिली. खरोखर पाहिली, एवढ्या सगळ्या प्रकरणात सावलीकडे पाहणारा तो पहिला सरकारी माणूस. "सावलीवर कोनाचं नाव नसते, सर," तो म्हणाला. "थे आचारसंहितेत नाही येत."

आणि त्यांनी सुतळीची शेवटची गाठ मारली. बाईंचा दीर हसायला लागला. बाई हसल्या नाहीत. त्या खाली गेल्या आणि मिलच्या दारात तुरीची जी पोती आठवडाभर पडून होती ती त्यांनी एकेक करून ज्याची त्याला परत न्यायला सांगितली.

मी यवतमाळला परत आलो आणि जे जे दार ठोठावता येईल ते ठोठावलं. निवडणूक कार्यालयाने सांगितलं, बोर्ड झाकलेला आहे, तक्रार निकाली. वीज कंपनीने सांगितलं, पॅनेल आमचे नाहीत. पॅनेलवाल्या ठेकेदाराने सांगितलं, सावलीची हमी नसते. मी आवाज चढवला तेव्हा प्रकल्प अधिकारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही भावनिक होताय." कोणाच्या घरात चूल पेटते की नाही याच्याशी संबंध असलेल्या कुठल्याही बोलण्याला आमच्याकडे भावनिक म्हणत. तो शब्द मी अजून विसरलेलो नाही, आणि इतक्या वर्षांनी राग गेलेला नाही. जावा असं मी काही केलंही नाही.

बाईंनी वाट पाहणं सोडलं होतं. त्यांनी दिराला राजूरला पाठवलं. नवऱ्याने खाणीच्या बाजूच्या भंगारवाल्याकडून एक जुनं डिझेल इंजिन मिळवलं आणि ते टेम्पोतून गावाला आलं. आमच्या योजनेने जे जे हद्दपार करायचं ठरवलं होतं ते सगळं त्या एका यंत्रात होतं: धूर, घासलेट मिसळलेल्या तेलाचा वास, आणि असा आवाज की विहारातली वंदना संपेपर्यंत ते बंद ठेवावं लागायचं. पण ते सकाळी सुरू केलं की संध्याकाळपर्यंत चालायचं, आणि कोणाचा चेहरा कुठे लावलाय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. याडी परत आली. तांड्यावरच्या सगळ्या नाही, पण बऱ्याच जणी आल्या. ज्यांची तूर टेम्पोत गेली होती ती गेली.

मतदान झालं, निकाल लागले, कापड उतरलं. शिवरात्रीच्या सुमारास नागपूरहून पाहणी पथक आलं. आमची दालमिल यशोगाथा म्हणून निवडली गेली होती. मला ते पथकासोबत गाडीत बसल्यावर कळलं. आम्ही उतरलो तेव्हा इंजिन चालू होतं. धूर खिडकीतून निघून स्लॅबवर जात होता, पॅनेलच्या मधून वर चढत होता.

पथकप्रमुख मॅडम चांगल्या होत्या, वही-पेन घेऊन आलेल्या. त्यांनी मोठ्याने, इंजिनाच्या वर आवाज काढून विचारलं, "सौरऊर्जेमुळे तुमच्या जीवनात काय बदल झाला?"

बाई म्हणाल्या, "दुपारी जेवाले वेळ भेटाला लागला. मोटर बंदच पडून राहे. मंग इंजन आणलं."

मॅडमनी लिहून घेतलं. नंतर अहवाल छापून आला तेव्हा मी पाहिलं; जेवणाच्या वेळेचं वाक्य त्यात होतं, महिलांच्या आरोग्याखाली. पुढचं नव्हतं.

फोटोची वेळ आली. प्रकल्प अधिकारी बाईंजवळ आले. "ताई, ते पाच मिनिटं बंद करा. फोटोत धूर येतो."

"बंद नाही होत, साहेब. दाळ चालू हाये."

"पाच मिनिटांनी काय होतंय?"

"जात्यात अडकते. मंग उलटी काढा लागते." त्यांनी तूर ओतायचं थांबवलंही नाही. "तुम्ही काढा ना फोटो. मी कुठं नाई म्हणते?"

सगळे खोळंबले. मग कोणाला तरी सुचलं की रस्त्यावरून फोटो काढला तर समोर बोर्ड येतो, बोर्डामागे पॅनेलच्या कडा दिसतात आणि धूर बोर्डाच्या पाठीमागे लपतो. तसा फोटो काढला. त्यात बाई नव्हत्या, कारण त्या आत होत्या.

बोर्ड काढायची परवानगी वैशाखात आली. माझ्या अर्जाला उत्तर म्हणून नव्हे; जिल्हा परिषदेत बाजू पालटली होती आणि वरच्या ओळीतले दोन चेहरे आता कोणालाच नको होते. आदेश मात्र माझ्या अर्जाचा संदर्भ देऊन निघाला, आणि त्या महिन्याच्या बैठकीत तक्रारनिवारणाचं उदाहरण म्हणून वाचून दाखवला गेला. लोकांनी बाकं वाजवली. मी वाजवली नाहीत. यापलीकडे मी काही केलं असं सांगता येत नाही.

आदेशाची प्रत आणि गॅस कटरवाला घेऊन मी गावात गेलो. बाईंनी कागद दोनदा वाचला, शिक्का पाहिला, घडी करून फडताळात ठेवला आणि म्हणाल्या, "चला." कटरवाल्याने सळ्या कापल्या. बाई, दीर आणि मी, तिघांनी चौकट धरून आडवी केली. ऊन तर आधीच सगळ्या पॅनेलवर होतं. वैशाखात बोर्ड असला काय, नसला काय. खाली मोटर पूर्ण जोरात फिरायला तयार होती आणि दळायला तूर नव्हती.

मी म्हणालो, "आता पुढच्या पौषात काही अडचण नाही, ताई. आता हे इंजिन काढून टाका. योजनेत तसं लिहिलंय, नाहीतर कोणी हरकत घेईल."

त्या इंजिनाजवळ गेल्या. तेलाने काळं झालेलं ते धूड त्यांनी एका पोत्याने पुसलं, त्यावर ताडपत्री टाकली आणि चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

"इंजन राहीन, भाऊ," म्हणाल्या. "पुढच्या वर्षी कोनी ना कोनी निवडून येईनच."